सतरंजीउचल्या

हा शब्द मी माझ्या सख्ख्या भावासाठी वापरला, आणि तोही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, डब्यातली भेंडीची भाजी खाता खाता. सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे रडगाणं गाणार आहे त्यात माझा वाटा किती, ते लपून राहणार नाही.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर सातारा जिल्ह्यातलं, रहिमतपूरच्या अलीकडचं एक गाव. वडील गेले, आता तिथे आई आणि धाकटा भाऊ असे दोघंच. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणजे छत्तिशीत आहे. लग्न झालेलं नाही. आमच्या गावात छत्तिशीचा बिनलग्नाचा मुलगा म्हणजे आईच्या जिवाला कायमचा घोर. तसं बघितलं तर दोन एकर ऊस आहे, म्हैस आहे, पत्र्याच्या घराला स्लॅब पडला आहे, दिसायला तो माझ्यापेक्षा उजवा आहे. व्यसन म्हणाल तर एक चहाचं आणि दुसरं साहेबांचं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांचं नाव घेत नाही, कारण असा एक साहेब प्रत्येक तालुक्यात असतोच आणि वाचणारा आपापला साहेब डोळ्यांसमोर आणू शकतो.

शब्दाचा अर्थ समजायला सोपा आहे. सभा संपते, पुढारी गाडीत बसून निघून जातात, माणसं पांगतात. मागे पटांगणात शेंगांच्या टरफलांनी आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी भरलेल्या सतरंज्या उरतात. त्या झटकून, घड्या घालून टेम्पोत टाकणारा जो कार्यकर्ता, तो सतरंजीउचल्या. आता सभांना लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, मंडपवाल्याची माणसं त्या एकात एक घालून घेऊन जातात. सतरंजी जवळजवळ गेली, शब्द तेवढा राहिला. ज्याला वर्षानुवर्षं राबवून घेतलं आणि पद द्यायची वेळ आली तेव्हा दुसऱ्यालाच दिलं, तो कोणीही आता सतरंजीउचल्या.

वापरायला मात्र तो इतका सोपा नाही. तिकीट कापलं गेलेला माणूस टीव्हीपुढे उभा राहून 'आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का' असं विचारतो, तेव्हा ती तक्रार असते आणि थोडी धमकीही. असं विचारणाऱ्याने आयुष्यात एकही सतरंजी उचललेली नसते, तो लांबलचक गाडीतून आलेला असतो. तोच शब्द दुसरा कोणी आपल्याबद्दल बोलला की शिवी होते. मोबाईलवर तर लोक ती येता-जाता देतात. माझ्या अकरावीच्या वर्गात सरांचा प्रोजेक्टर उचलून नेणाऱ्या मुलालाही हेच म्हणतात. मी एकदा मुलांना विचारलं होतं, की सतरंजी अंथरणाऱ्याला कोणी का हसत नाही, उचलणाऱ्यालाच का हसतात? अंथरताना कार्यक्रम पुढे असतो, कोणी येणार असतं. उचलताना सगळे निघून गेलेले असतात आणि तरीही हा एकटा तिथेच असतो. हसतात ते त्याला, असं मी वर्गात सांगितलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं स्वतःच्या विश्लेषणाचं.

सतरंजीची घडी घालायला खरं तर दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची आणि चालत एकमेकांकडे यायचं. माझा भाऊ ते एकटा करतो. एका टोकावर पाय देतो, दुसरं टोक ओढून ताणतो, गुडघ्यावर घेऊन दुमडतो. लहानपणी आईबरोबर वाकळा वाळत घालायचा, तिथून ती सवय. गावच्या यात्रेत एकदा साहेबांचा सत्कार होता, तेव्हा मी माहेरी होते आणि देवळाच्या पायरीवर बसून त्याला हे करताना बघितलं. दुपारचं ऊन होतं. त्याने मला हात केला. मी दुसरीकडे बघितलं, ओळखीच्या बायका शेजारी बसल्या होत्या म्हणून.

वयाच्या विसाव्या वर्षापासून तो साहेबांच्या मागे आहे, म्हणजे सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत साहेबांनी तीनदा पक्ष बदलला. प्रत्येक वेळी भावाच्या गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलला आणि आधीची उपरणी आई धार काढताना म्हशीची कास पुसायला घेऊ लागली. चांगलं सुती कापड असतं, म्हणते. साहेबांना लोक गद्दार म्हणाले. भावाला तसं कोणी म्हणालं नाही. गद्दार म्हणवून घ्यायला आधी तुमची काहीतरी किंमत असावी लागते. त्याच्या वाट्याला जुनाच शब्द राहिला.

आता स्टाफरूमची गोष्ट. आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला तिला सांगलीला आणलं होतं. भाऊ तिला सोडून गेला तो ऑपरेशनच्या दिवशी परत येणार होता. आला नाही, मेळावा होता. ऑपरेशन झालं आणि डोळ्यावर पट्टी बांधलेली आई, 'आला का गं त्यो?' असं दर अर्ध्या तासाने विचारत राहिली. मला संताप आला होता, आजही येतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भूगोल शिकवणाऱ्या मॅडमनी सहज विचारलं, 'भाऊ आले असतील ना मदतीला?' मी म्हणाले, 'तो कसला येतोय! सतरंजीउचल्या आहे आमचा. तो इथे आला तर तिकडे सतरंज्या कोण उचलणार?' मघाशी म्हटलं ते हसणं हे.

त्याच भूगोलाच्या मॅडमनी पाच-सहा महिन्यांनी स्थळ आणलं. त्यांच्या मामांची मुलगी. मामा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तासगावच्या बाजूला एका खेड्यात राहतात. मुलगी पाचगणीच्या एका निवासी शाळेत वसतिगृह सांभाळते, वय एकतीस. बरीच स्थळं तिनेच नाकारलेली. शिकलेला नसला तरी चालेल, खोटं बोलणारा नको, एवढीच तिची अट होती म्हणे. मला वाटलं, देव पावला. माझा भाऊ काय वाटेल तो असेल, खोटं त्याला बोलताच येत नाही. आईने तर ऐकल्या ऐकल्या ग्रामदैवताला नारळ बोलला.

आम्ही मुलगी बघायला गेलो. सुभेदारांच्या घरात चपला एका रांगेत आणि माणसं ताठ बसलेली. पोहे झाले, चहा झाला. मुलगा आणि मुलगी गच्चीवर बोलायला गेले ते वीसेक मिनिटांनी खाली आले तेव्हा दोघंही हसत होते. माझ्या भावाला मी असं हसताना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. साहेबांच्या पाठीमागे फोटोत उभा राहून हसतो, तसं नव्हे. मुलीने जाता जाता आईच्या हाताला धरून पायरी उतरवली. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, 'हीच.' तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. हे लग्न व्हायचं की नाही, एवढाच प्रश्न.

पण गाडीत बसण्याआधी फाटकाशी सुभेदारांनी मला थांबवलं होतं. माणूस सरळ, पोटात एक ओठात एक असला प्रकार नाही.

'आवं ताई, येक इचारू? तुमचा भाऊ म्हंजे त्ये सतरंजीउचल्या का काय म्हनत्यात, त्यातला हाय का?'

मी भडकले. 'कोण म्हणालं तुम्हाला असं?'

'तुमीच म्हनाला हुता म्हनं. कालिजात.'

भाऊ मागेच वाकून बुटाची नाडी बांधत होता. उठायला त्याने जरा जास्तच वेळ लावला. परतीच्या वाटेवर मी दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. शेवटी तोच म्हणाला, 'आक्का, खरंच हाय की. त्यात काय एवढं!' आणि आईला, ऊन लागतंय का, काच वर करू का, असं विचारत बसला. मला त्याने एखादी सणसणीत शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मुलीकडचे घर बघायला यायचे होते. आमच्याकडे ही रीत आहे. मुलगी पसंत पडली की तिच्याकडची कर्ती माणसं येऊन मुलाचं घरदार, शेत, विहीर, शेजारपाजार बघून जातात. जेवण होतं आणि मग बोलणी पुढे सरकतात. भावाने घर रंगवून घेतलं, उंबऱ्यापुढे नवी फरशी टाकली, म्हशीला दोनदा धुतलं. इथवर ठीक होतं. पण त्याच्या मनात फाटकाशी ऐकलेला तो शब्द सलत होता, हे मला कळायला हवं होतं. त्याने काय करावं? साहेबांना बोलावलं.

'सोळा वर्सांत त्यांच्याकडं कायबी मागितलं न्हाई,' मला फोनवर म्हणाला. 'दोन मिन्टं या म्हनलं घरी. सुभेदारांना कळंल की आपलं बी वजन हाय.'

'नको बोलावूस,' मी म्हटलं. 'तुला बघायला येतायत ते, साहेबांना नाही.'

'आक्का, तुला राजकारन कळत न्हाई.'

साहेब आले, आणि इथेच सगळं चुकलं. न येते तर एक निराशा होऊन प्रकरण मिटलं असतं. जेवणाची ताटं मांडत होतो तेवढ्यात दारात तीन गाड्या थांबल्या. भावाचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर वाटलं, चला, शोभा आली. साहेब आत आले, सगळ्यांना हात जोडले, आईच्या पाया पडल्यासारखं केलं. भावाच्या खांद्यावर हात ठेवून सुभेदारांना म्हणाले, 'लय कामाचा मानूस हाय बरं का ह्यो आमचा. सांगंल त्ये काम.' मग त्याच हाताने त्याला थोडं पुढे सरकवून म्हणाले, 'जा रं, गाडीतल्या मानसांना पानी बघ.'

इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, ज्याला बघायला लोक आले होते तो नवरा मुलगा तांब्या-पेला घेऊन बाहेर गेला. साहेब दोन मिनिटांत उठले. पुढच्या वाडीत त्यांना एका हळदीला जायचं होतं आणि ड्रायव्हरला वाट माहीत नव्हती. 'वाट दावाय ह्याला नेतो, धा मिन्टांत सोडतो,' असं म्हणाले. मी भावाच्या बाहीला धरलं. त्याने हळूच सोडवून घेतलं. 'आलोच, आक्का. बसा तुमी, ताटं घ्या.' आणि तिसऱ्या गाडीत, मागच्या सीटवर, चौथा माणूस म्हणून दाटीने बसून तो निघून गेला.

दहा मिनिटांचे दोन तास झाले. आम्ही पाहुण्यांना वाढलं. सुभेदार शांतपणे जेवले, पानात काही टाकलं नाही, हात धुतले, आईला नमस्कार केला. शेत बघायला कोण नेणार? माझ्याबरोबर आलेल्या माझ्या नवऱ्याला बांध कुठला आणि कुणाचा हे ठाऊक नाही. शेत न बघताच ते गेले. भाऊ आला तेव्हा त्याच्या शर्टावर हळदीचे डाग होते आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करताना पडतात तसे आमटीचेही. 'वाडपी कमी पडलं त्यांना,' म्हणाला. आईने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात गेली. मी त्याला काय काय बोलले ते लिहिणार नाही. तो शब्द मात्र तोंडातून येऊ दिला नाही, एवढी एक गोष्ट माझ्या नावावर.

आठवड्याने मुलीचा मला फोन आला. पाचगणीहून बोलत होती, मागे मुलींच्या जेवणाच्या घंटेचा आवाज येत होता. मला वाटलं नकार कळवायला केला असेल. ती म्हणाली, 'ताई, माणूस चांगला आहे, मला गच्चीवरच कळलं ते. मी विचारलं, तुम्ही नक्की काय करता? तर म्हणाले, सांगतील ते. एवढं खरं कोणी बोलत नाही. पण उद्या आमच्या घरातून, मूल आजारी असताना, हे असेच उठून जातील. मी आठवड्याचे सात दिवस दुसऱ्यांची मुलं सांभाळते, ताई. माझं मूलही मी एकटीनेच सांभाळायचं असेल तर लग्न कशाला करू? ते हे सोडणार असतील तर मी बाबांना तयार करते. एकदा विचारून बघा.'

मी विचारलं. भाऊ म्हणाला, 'सोडतो.' इतक्या झटकन म्हणाला की माझाच विश्वास बसेना. पुन्हा विचारलं. 'सोडतो म्हनलं की, आक्का. दमलोय मी.' हे त्याचं मला अजून ऐकू येतं. सोळा वर्षांत दमलो हा शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता.

मुलीने वडिलांना तयार केलं. त्यांनी एकच अट घातली आणि ती सांगायला ते स्वतः सांगलीला माझ्या घरी आले. येताना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत स्वतःचं डिस्चार्ज बुक घेऊन आले होते. टीपॉयवर ते उघडून माझ्यासमोर ठेवलं. भरती कधी, कुठल्या पलटणीत, कुठे कुठे पोस्टिंग, वर्तणूक कशी, निवृत्ती कधी, खाली पलटणीच्या साहेबाची सही आणि शिक्का.

'आवं ताई, मी आयुष्य पल्टनीत काढलं. घरी आलो तवा ह्यो कागुद हातात हुता, म्हनून मी घरी आलो म्हनायचं. तोंडानं सोडलं म्हंजे सोडलं न्हवं. उद्या परत शिट्टी मारली की जानार ह्यो. त्याला म्हनावं, रितसर राजीनामा दे, आनि मंजूर केला म्हनून तुझ्या सायबाच्या सहीचा कागुद आन. त्यो कागुद दिसला की म्हैन्यात सुपारी फोडू.'

मला ते पटलं. भावालाही पटलं. आईला तर फारच पटलं, कागदावर तिचा भारी विश्वास. आमच्याकडच्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी लष्करात गेलेलं. भरती झालेल्या माणसाची सुटका कागदाने होते, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनलेलं आहे. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही.

राजीनामा मी लिहिला. मराठीच्या बाईंनी लिहायला नको? भाऊ सांगलीला आला होता, समोर बसला होता. 'महोदय, मी गेली सोळा वर्षे आपल्या नेतृत्वाखाली निष्ठेने कार्य करीत आलो आहे. घरगुती कारणास्तव मी' इथपर्यंत आले आणि थांबले. 'पद काय लिहू रे?' त्याने विचार केला. 'मोकळं सोड. हापिसात इचारून भरू. बदलत असत्यात त्ये नावं.' मी रिकामी रेघ ओढली आणि पुढे 'या पदाचा राजीनामा देत आहे' असं लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

रविवारी आम्ही दोघं साहेबांच्या संपर्क कार्यालयात गेलो. मला घेऊन चल म्हणून मीच हट्ट धरला, तो एकटा गेला तर परत येईल याची मला खात्री नव्हती. साहेब मुंबईला होते. त्यांचे स्वीय सहायक होते, माणूस बोलायला गोड. भावाला बघून म्हणाले, 'ये ये, बरा आलास. पाण्याचा जार संपलाय बघ.' भाऊ उठायला लागला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

सहायकांनी वाचला. हसले नाहीत. खरंच हसले नाहीत, उलट त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. 'राजीनामा? कशाचा रं?'

'हाय त्याचा,' भाऊ म्हणाला. 'काय आसंल त्ये भरा तिथं.'

सहायकांनी कपाटातून फायली काढल्या. तालुका कार्यकारिणी बघितली, त्यात नाव नव्हतं. बूथ समितीत नव्हतं. युवक आघाडीत नव्हतं, तिथे दोन माणसांची नावं दोनदा होती. कायम निमंत्रितांची यादी होती, नुसतं निमंत्रण ज्यांना जातं त्यांची, त्यातही नव्हतं. भाऊ पुढे वाकून त्यांच्याबरोबर बोट फिरवत वाचत होता. मधेच एखादं नाव बघून म्हणायचा, 'ह्यो तर दुबईला असतोय की.' शेवटी सभासद नोंदणीचं रजिस्टर निघालं. आमच्या गावाची सगळी नोंदणी भावाने दारोदार हिंडून केली होती, पानं त्याच्याच अक्षरात होती. दोनशे-सव्वादोनशे नावं. स्वतःचं लिहायचं राहून गेलं होतं.

'आरं गड्या, तुझं नाव कशाला लिवायला पायजे?' सहायक म्हणाले. 'तू घरचाच. घरच्या मानसाचं नाव यादीत लिवत्यात व्हय?'

आणि माझ्या भावाचा चेहरा उजळला. हे मी डोळ्यांनी बघितलं. दोन-चार क्षणच, पण उजळला. मला त्या क्षणी त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली आणि त्याला कुशीत घेऊन रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. मी विचारलं, 'मग निदान असं लिहून द्या, की हे आमचे कार्यकर्ते होते आणि आता नाहीत. लग्नाचा प्रश्न आहे, म्हणून विनंती करते.'

सहायकांनी मान हलवली. 'ताई, कार्यकर्ता असल्याचा लेखी दाखला साहेब कुणालाच देत न्हाईत. उद्या तोच कागद नाचवत तिकीट मागाय येत्यात. आन जो कागदावर न्हाईच, त्याला कमी केला म्हनून मी कसं लिवू? तुमीच सांगा, तुमी शिकलेल्या हाय.'

मी शिकलेली आहे. त्यांचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. शिवी म्हणून सगळा तालुका ज्या नावाने माझ्या भावाला ओळखतो, तेवढंच नाव त्याला होतं. बाकी कुठल्याही रजिस्टरमध्ये तो सोळा वर्षांत नव्हता. साहेबांनी त्याला फसवलं असंही म्हणता येत नाही. पद देतो असं ते कधी म्हणालेच नव्हते आणि यानेही कधी मागितलं नव्हतं. फसवणूक झाली असती तर भांडता आलं असतं. बाहेर पडताना भावाने माझ्या अक्षरातला राजीनामा नीट घडी करून खिशात ठेवला.

सुभेदारांना फोनवर सांगू नको, असं तो म्हणाला. तोंडावर सांगतो. पुढच्या रविवारी आम्ही तासगावकडे गेलो. मुलगी सुट्टी घेऊन आली होती, आतल्या दाराशी उभी होती. कागद घेऊनच आलोय असं तिला वाटलं असावं, कारण तिने दाराआडून माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं. मी मान खाली घातली. भावाने खिशातला कागद काढून सुभेदारांपुढे ठेवला, रिकाम्या रेघेसकट, आणि फायलींचं, याद्यांचं, रजिस्टरचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. दुबईच्या माणसाचंही सांगितलं.

सुभेदारांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांना राग आलेला नव्हता. हिशेब लागत नसल्यासारखा चेहरा होता.

'म्हंजे तू भरतीच न्हवतास?'

'न्हाई.'

'आरं, सोडून आलेल्या मानसाला मी पोरगी दिली आसती. माझा शबुद हुता. पर जो कवा नावावर हुताच न्हाई, त्यो सोडनार काय आनि येनार कुठनं?' मग आवाज खाली आणून, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, 'सोळा वर्सं तू हुतास तरी कुनाचा रं?'

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि ती आत निघून गेली. माझ्या भावाने त्या आवाजाकडे बघितलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो सुभेदारांना म्हणाला, 'आई बी ह्येच इचारती. तिला मी सांगायचो, सायबांचा. आता घरी गेल्यावर ती परत इचारंल. तवा काय सांगू, तेवढं तुमी सांगा.'